तीन फुल

वैजनाथ थंडीत घरी येतो,
तिकडं बोटी बंद असतात तेव्हा.
माल्टा म्हणून बेट आहे, नकाशात
माझ्या पंचनं पाडलेल्या भोकाएवढं.
तिथं तो लोकांना समुद्र दाखवतो:
दुपारी तीनला निघायचं, निळ्या खाडीत थांबायचं,
डोळ्यांवर चष्मा, दातांत नळी,
तासभर पालथं पडून मासे बघायचे
आणि परतीला सूर्यास्त.
माणशी पासष्ट युरो.
हाफ तिकीट आहे, ते मी विचारून घेतलं.

यंदा त्यानं बॅगेतून एक चष्मा काढला,
रबराला चीर गेलेला, मालकानं टाकून दिलेला,
आणि म्हणाला, चला, आज तुमची ट्रिप.

माजलगावच्या धरणावर आमच्यासाठी बोट कुठली?
लिंबाजी भोयाची काहील होती.
गुऱ्हाळ मोडलं तेव्हा त्यानं ती किलोच्या भावानं घेतली,
तेव्हापासून तिच्यातूनच जाळी टाकतो.
कडेच्या रिवेटांत अजून जुना गूळ,
मुंग्या आमच्याबरोबर पाण्यावर आल्या, विनातिकीट.
लाइफ जॅकेट म्हणून ट्रॅक्टरची ट्यूब.
कौसानं डब्यात धपाटे घेतले, ठेचा घेतला.
"तिकडं खायला काय देता रे?"
"ऑलिव्ह."
"म्हंजी?"
"बोराएवढं असतं. खारट."
"मग बोरंच घेते," म्हणाली.

काहील सरळ जात नाही.
आधी गोल फिरते, विचार करते,
मग हातभर सरकते.
वैजनाथ पाय फाकवून उभा राहिला
आणि रोज दोनदा करतो ते भाषण सुरू केलं, इंग्रजीत,
कुठं हात दाखवायचा, कुठं हसायचं, सगळं पाठ.
लिंबाजी म्हणाला, "खाली बस लेका, उलथल."

मी आधी उतरलो.
पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस मी,
नळीनं श्वास घेणं काही जमेना.
चहासारखं पाणी, त्यात माझाच हात,
दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा.
मग कौसा काठावरून वाकली.
पोरानं तिला कमरेला धरलं होतं.
बराच वेळ ती वर आली नाही, नुसती नळी घुरघुरत होती.
"दिसायलं का काही?"
चष्मा काढला, डोळ्यांभोवती लाल गोल वळ.
"पाणी दिसलं," म्हणाली. "आतून.
इतकी वर्षं वरूनच बघत आले,
घागर भरली का नाही, तेवढंच."

ऊन तांबूस झालं. बगळे पलीकडच्या बाभळींवर गेले.
वैजनाथ पश्चिमेला पाठ करून
चष्मा धूत बसला होता.
मी विचारलं, तिकडचा कसा असतो रे, सूर्यास्त?
"माहीत नाही, आबा.
त्या वेळी मी चष्मे मोजतो.
अठ्ठावीस दिले, अठ्ठावीस आले का.
मग माणसं मोजायची. मग नळ्या औषधाच्या पाण्यात.
मान वर करतो तर बंदरात दिवे लागलेले."

एकतीस वर्षं माजलगाव–परळी केली मी.
रस्ता कधी बघितला नाही.
माणसं डावीकडं कलली की समजायचं, तेलगावचं वळण.
बायका खिडकीशी सरकून "बघ गं" म्हणाल्या
की कुठंतरी पळस फुलला असणार.
मी सुट्टे मोजत होतो.

त्याच्या हातातून चष्मा घेतला.
"फिर तिकडं," म्हणालो. "मोजायचं मी बघतो."
एक चष्मा. एक नळी.
तीन फुल, एक ड्रायव्हर.
हिशेब जुळला.

तो फिरला, तर काहीलही फिरली,
बिचारा मान वळवत राहिला.
तेव्हा लिंबाजीनं बांबू गाळात रोवला, घट्ट धरला,
आणि काहील थांबली.

सूर्य डोंगराला टेकला, चपटा झाला, गेला.
वैजनाथचं तोंड उघडं,
नळी अजून दातांत असल्यासारखं.
कौसानं त्याच्या तळहातावर एक बोर ठेवलं,
ते त्यानं खाल्लं नाही.

उजेड गेला तरी तो वळेना.
लिंबाजीनं बांबूला हात घातला, माझ्याकडं बघितलं.
माझा हात सवयीनं वर गेला,
जिथं दोरी असते तिथं.
मी डबल बेल दिली नाही.